तालीम, अभ्यासिका, हॉल: सामायिक जागेची सुरक्षा आकड्यांनी कशी जोखायची

जुलै उजाडला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर ख्यालीखुशाली नंतर, आधी ‘राजारामला किती फूट?’. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. आकडा ३९ च्या जवळ आला की चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची तयारी सुरू होते. जाणते लोक तर बंधाऱ्यावरच्या आकड्यावर थांबतच नाहीत. राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, गगनबावड्याला किती पाऊस झाला, पाणी तासाला किती इंच चढतंय, हे जोडून ते रात्रीपर्यंतचा अंदाज बांधतात. आकड्यांवर चालणारं मॉडेल म्हणतात ते एवढंच. मोजमाप, आधी कळणारी खूण, दोन पातळ्या आणि प्रत्येक पातळीला ठरलेलं काम.

हाच माणूस पेठेतल्या तालमीच्या वर चालणारी अभ्यासिका किंवा हॉल सांभाळत असेल आणि त्याला सुरक्षेबद्दल विचारलं, तर उत्तर येतं, ‘आजवर काही झालेलं नाही.’ खरंच झालेलं नसतं. पण या उत्तरात किती माहिती आहे ते तपासून पाहण्यासारखं आहे.

संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा हिशेब आहे. एखादी गोष्ट सलग अनेक वेळा केली आणि एकदाही बिघडली नाही, तर ३ ला त्या वेळांनी भागायचं. बिघडण्याची शक्यता फार तर तेवढी असेल, असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. त्याहून कमी आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. हॉलमध्ये ३०० कार्यक्रम निर्विघ्न झाले, म्हणजे दर कार्यक्रमामागे गंभीर प्रसंगाची शक्यता १ टक्क्यापर्यंत असू शकते. वर्षाला ६० कार्यक्रम होत असतील आणि शक्यता खरोखर १ टक्का असेल, तर वर्षभरात एकदा तरी प्रसंग ओढवण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के निघते. थोडक्यात, ३०० निर्विघ्न कार्यक्रमांचा इतिहास आणि येत्या वर्षी प्रसंग येण्याची जवळपास निम्मी शक्यता, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू, एक शतकाहून जास्त वापरात असलेली.

अपघात विरळ असतात, म्हणून अपघातांच्या नोंदीवर मॉडेल उभं राहत नाही. मोजायच्या असतात त्या अपघाताआधी बदलणाऱ्या गोष्टी. पेठांमध्ये सर्रास दिसणारी इमारत उदाहरणाला घेऊ. तळमजल्यावर लाल मातीचा हौदा आणि जिम, पहिल्या मजल्यावर ४० जणांची अभ्यासिका, त्यावर ३०० माणसांचा हॉल. जिना एकच वापरात. अशा ठिकाणी हवा, वीज आणि बाहेर पडायची वाट या तिन्हींवर डोळा ठेवला की धोक्याचा बराच मोठा भाग पकडीत येतो. (हौद्याची मातीही खरं तर यात यायला हवी, पण तो वस्तादांचा प्रांत, आणि तिचा ओलावा ते हातानं जोखतात तसा कुठला सेन्सर जोखेल असं वाटत नाही.)

हवा

अभ्यासिकेत दुपारनंतर डोकं जड होतं, जांभया येतात, आणि दोष उन्हाला किंवा जेवणाला दिला जातो. खिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू. इथं सगळ्यात मोठा गैरसमज असा की एसी म्हणजे ताजी हवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि खोलीतच सोडतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही.

माणूस बसल्या जागी तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग. खोलीतला आकडा त्याच्यावर किती चढतो, यावरून माणशी किती ताजी हवा मिळते ते उलट काढता येतं. या पातळीला हा वायू विष नाही. तो इथं इतरांच्या उच्छ्वासाची मोजदाद करणारा आकडा म्हणून कामी येतो. उच्छ्वासात तो सुमारे ३८,००० पीपीएम असतो. म्हणून बाहेरच्यापेक्षा दर ३८० पीपीएम जास्त म्हणजे तुमच्या प्रत्येक १०० श्वासांतला एक श्वास दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेला.

आता खोली मोजू. ४० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे ८,००० घनफूट, मीटरमध्ये सुमारे २२६ घनमीटर. पहिलं काम, खोलीत तासाला किती वेळा हवा बदलते ते शोधणं. त्याची सोपी रीत अशी: रात्री सगळे गेल्यावर खिडक्या-एसी रोज असतात तसेच ठेवायचे आणि आकडा उतरताना बघायचा. समजा ताबडतोब २,४०० होता आणि अर्ध्या तासानं १,४०० झाला. दोन्हींतून ४२० वजा करा: १,९८० आणि ९८०. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की २.०२ येतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा नॅचरल लॉग (ln चं बटण) घेतला की ०.७०, अर्ध्या तासानं भागलं की १.४. म्हणजे या खोलीतली हवा तासाला जेमतेम दीड वेळाही बदलत नाही.

एवढ्यावरून पुढचं भाकीत करता येतं. ४० जण तासाला ०.७२ घनमीटर वायू सोडणार. येणारी ताजी हवा १.४ गुणिले २२६, म्हणजे सुमारे ३१६ घनमीटर. भागाकार केला की बाहेरच्यापेक्षा सुमारे २,२८० पीपीएम जास्त. आकडा २,७०० च्या आसपास जाऊन स्थिरावणार, आणि तिथं पोचायला साधारण दोन तास लागणार. म्हणून सकाळी आठला उघडल्यावर साडेआठला सेन्सर पाहून ‘आमच्याकडे सगळं ठीक’ म्हणण्यात अर्थ नाही. तो तेव्हा अजून चढतोय. २,७०० ला प्रत्येक १०० श्वासांतले सहा दुसऱ्यांचे असतात.

हेच गणित उलटं फिरवलं की उपाय मिळतो. आकडा १,००० वर ठेवायचा तर ०.७२ ला ०.०००५८ नं भागायचं: तासाला सुमारे १,२४० घनमीटर ताजी हवा हवी, म्हणजे तासाला साडेपाच वेळा बदल. फॅनच्या दुकानातल्या मापात हे सुमारे ७३० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ७३० घनफूट. आता एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावरचा आकडा बघून तेवढाच फॅन आणू नका. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप, धूळ आणि पाइप यांत त्याचा बराच भाग जातो. शिवाय फॅन हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच आत यायला वाट लागते. सगळ्या खिडक्या घट्ट बंद असतील तर फॅन नुसता आवाज करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जिन्यातली हवा ओढतो, आणि ती खालच्या जिममधली असते. व्यायाम करणारा माणूस बसलेल्यापेक्षा कित्येक पट वायू सोडतो, त्यामुळे जिमला अभ्यासिकेची पातळी लावू नये आणि जिमची हवा अभ्यासिकेत येऊ देऊ नये. फॅन रस्त्याकडच्या भिंतीला असेल तर समोरच्या भिंतीच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवायच्या. मग रात्रीचीच चाचणी फॅन चालू ठेवून पुन्हा करायची. १.४ चा आकडा ५ च्या वर गेला तरच पैसे कामी आले.

संसर्गाचा धोका काढायला याच्या पुढचं एक समीकरण आहे. विल्यम वेल्स यांची कल्पना आणि रिचर्ड रायली व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेतल्या गोवराच्या साथीवर केलेला अभ्यास यांतून ते आलं. २००३ मध्ये रुडनिक आणि मिल्टन यांनी त्यात हवेच्या बदलाऐवजी थेट कार्बन डायऑक्साइडचा आकडा बसवला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की धोका लहान असतो तोवर तो दोन गोष्टींच्या गुणाकारानं वाढतो: इतरांच्या श्वासाचा वाटा आणि बसण्याचे तास. २,७०० च्या खोलीत आठ तास आणि १,००० च्या खोलीत आठ तास, यांत जवळपास चौपट फरक. पण ‘इतके टक्के लोकांना टीबी होईल’ असं काही त्यातून काढायला जाऊ नये. आजारी माणूस तासाला किती संसर्ग सोडतो हा आकडा रोगागणिक आणि माणसागणिक फार बदलतो. दोन मांडण्यांची तुलना करायला समीकरण चांगलं, भविष्य सांगायला नाही.

सेन्सर घेताना एनडीआयआर लिहिलेला घ्यावा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं खरोखर हा वायू मोजणारा. स्वस्तात मिळणारे काही सेन्सर दुसऱ्याच वाफा मोजून आकड्याचा अंदाज बांधतात. फरशी फिनेलनं पुसली की ते भडकतात. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, साडेतीन-चार फुटांवर लावावा, कोणाच्याही तोंडापासून मीटरभर लांब, खिडकी आणि पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही.

आणि इथंच २४ तास चालणाऱ्या अभ्यासिकांची एक खास फसगत आहे. बहुतेक सेन्सरांत आपोआप जुळवून घ्यायची सोय असते. गेल्या आठवडाभरातला सर्वांत खालचा आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं तो धरून चालतो. जी खोली रात्री रिकामी होते तिथं हे बरोबर बसतं. परीक्षेच्या दिवसांत जी खोली कधीच रिकामी होत नाही, तिथं खालचा आकडा ७०० असतो. सेन्सर त्यालाच ४०० समजतो आणि पुढं सगळंच ३०० नं कमी दाखवतो. आठवड्यागणिक आकडे सुधारत चाललेत असं वाटतं, आणि हवा होती तशीच असते. अशा ठिकाणी ती सोय बंद करून महिन्यातून एकदा सेन्सर गच्चीवर उघड्यावर वीसेक मिनिटं ठेवून हातानं जुळवावा. गणपतीपुढं धूप-कापूर पेटला किंवा खाली जनरेटर चालला तरी आकडा चढतो. त्या दिवशी वहीत तशी नोंद हवी, नाहीतर मॉडेल त्यातून भलतंच शिकतं.

वीज

वायरिंगला आग लागण्याआधी बहुतेक वेळा एखादा जोड आठवडे-महिने तापत असतो. स्क्रू सैल, ॲल्युमिनियमची तार पितळी टर्मिनलमध्ये, गंज. सैल जोडाचा रोध वाढतो आणि तो तापतो. इथं पदार्थविज्ञानाचा साधा नियम हाताशी आहे: जोडाचं तापमान भोवतालच्यापेक्षा जितकं वाढतं ते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

म्हणून नुसतं तापमान बघून काही कळत नाही. मे महिन्यात तीन एसी चालू असताना बोर्ड तापणारच. बघायचं ते तापमानवाढ भागिले करंटचा वर्ग. समजा मीटरवर २० अँपिअर असताना जोड भोवतालपेक्षा १२ अंशांनी गरम होता. १२ भागिले ४०० म्हणजे ०.०३. हा त्या जोडाचा स्वतःचा आकडा. पुढं २८ अँपिअरला अपेक्षित वाढ ०.०३ गुणिले ७८४, म्हणजे साडेतेवीस अंश. प्रत्यक्षात ३८ निघाली तर भार वाढल्यामुळे नव्हे, जोड बिघडल्यामुळे ती वाढली आहे, आणि तो बंद करून उघडायची वेळ झाली आहे. जोड तापायला वेळ घेतो, म्हणून त्या क्षणाचा करंट न घेता आधीच्या पाऊण तासाची सरासरी घ्यावी, म्हणजे आधी प्रत्येक वाचनाचा वर्ग आणि मग त्यांची सरासरी.

मोजायला क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा) आणि इन्फ्रारेड तापमापक पुरतो, पण उघडा बोर्ड जिवंत असतो, त्यामुळे हे काम परवानाधारक वायरमनचंच. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड तापमापक खूप कमी दाखवतो. वीज बंद असताना टर्मिनलशेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवावा आणि दरवेळी त्याच्यावरच नेम धरावा. न्यूट्रल विसरू नये. एलईडी आणि चार्जरांची गर्दी असलेल्या थ्री-फेज जोडणीत न्यूट्रलमधून अपेक्षेपेक्षा जास्त करंट जातो, आणि तोच जोड सुटला तर एखाद्या फेजवरचं व्होल्टेज चढून पंखे, कॉम्प्युटर, चार्जर एका दमात जळतात. गणेशोत्सवात आणि नवरात्रात मंडपाची रोषणाई इमारतीच्या बोर्डातून घेतली जाते. त्या दहा दिवसांतली नोंद वेगळ्या पानावर ठेवावी, सरासरीत मिसळू नये. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण महिन्याला दाबायचं, तो पडला की नाही एवढंच लिहायचं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली येणाऱ्या इमारतींना परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते घ्यावंच. मात्र जानेवारीत बरोबर असलेला जोड मार्चमध्ये सैल होऊ शकतो, आणि तो प्रमाणपत्रात दिसत नाही.

वाट

हॉलची क्षमता खुर्च्यांवरून मोजतात. ती जिन्यावरून मोजायला हवी. ब्रिटनमधल्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीला मिनिटाला ८२ माणसं आणि पायऱ्यांवर ६६ असा दर धरला आहे. आपला जिना १.२ मीटर रुंद, म्हणजे मिनिटाला ७९ माणसं. ३०० जणांना सुमारे चार मिनिटं. आता त्याच जिन्यावर कार्यक्रमाच्या दिवशी फोटो काढा. खाली दोन मोटारसायकली, दाराशी चपलांचा ढीग, वळणावर केटरिंगचे क्रेट. मोकळी रुंदी उरते ८० सेंटिमीटर, दर पडतो मिनिटाला ५३, आणि वेळ जातो पावणेसहा मिनिटांवर. धुरात हे दोन मिनिटांचं अंतर फार मोठं आहे. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी टेपनं मोजायचा एकच आकडा असेल, तर तो वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेची मोकळी रुंदी. याला सेन्सर लागत नाही. दुसरा जिना कुलपात असेल तर हिशेबात तो शून्य धरायचा, किल्ली ‘शेजारीच असते’ तरी.

गर्दीच्या दाटीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर चौरस मीटरला दोनच्या आसपास माणसं असतात तेव्हा वाटेतून सर्वांत जास्त माणसं पुढं सरकतात. त्यापुढं दाटी वाढली की वेग इतका पडतो की एकूण ओघच आटतो. चारच्या आसपास पावलं खुरटतात. सहा-सातला माणूस आपल्या मर्जीनं हलूच शकत नाही. धक्का लाटेसारखा पसरतो. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेतल्या चेंगराचेंगरीत झालं ते कोल्हापुरात कोणाला सांगायला नको.

मोजायची सोपी रीत फरशीवरच आहे. दोन बाय दोन फुटांच्या नऊ फरश्या म्हणजे ३.३ चौरस मीटर. त्यावर सात डोकी म्हणजे दोनची दाटी, तेरा म्हणजे चारची. अख्ख्या हॉलची सरासरी काढू नका. सरासरी एक असलेल्या हॉलमध्ये दाराशी आणि स्टेजसमोर पाच असू शकते, आणि चेंगरतात ते तिथंच. सीसीटीव्हीवर असाच नऊ फरश्यांचा चौकोन आखून घेता येतो. तेरा झाले की आत सोडणं थांबवायचं. चौदाव्याची वाट बघायची नाही.

माणसं मोजणारी यंत्रं दारावर लावली तर चुका साचतात हे माहीत हवं. किरण तुटला की एक, असं मोजणारं यंत्र जोडीनं बाहेर पडणाऱ्या दोघांना एक धरतं. जाताना दर १०० मागे दोन निसटले आणि दिवसाला ५०० जण येऊन गेले, तर रात्री यंत्राच्या मते १० माणसं आत उरतात, दुसऱ्या दिवशी २०. कुलूप लावताना रोज शून्य करायचं आणि शून्य करण्याआधी किती उरले होते ते लिहायचं. तो उरलेला आकडा म्हणजे यंत्राची खरी चूक.

पातळी, घंटा आणि माणूस

आता सगळ्यात नाजूक भाग. समजा कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर धोका असताना ९५ टक्के वेळा ओळखतं आणि धोका नसताना फक्त ५ टक्के वेळा चुकून घंटा वाजवतं. कागदावर छान. पण खरा धोका २०० तपासण्यांत एकदा असेल, तर १,००० तपासण्यांत खरे प्रसंग पाच आणि खोट्या घंटा जवळपास पन्नास. अकरा घंटांमागे एक खरी. तिसऱ्या आठवड्यात शिपाई आवाज बंद करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

यावर दोन साधे उपाय आहेत. एक, सलग दोन-तीन वाचनं वर गेल्याशिवाय घंटा नाही. दुसरा, चढताना आणि उतरताना वेगळी पातळी: हवेचा आकडा १,४०० च्या वर गेला की इशारा लागतो आणि १,१०० च्या खाली आल्याशिवाय सुटत नाही. नाहीतर १,३९५-१,४०५ च्या मध्ये दिवसभर दिवा चालू-बंद होत राहतो.

प्रत्येक पातळीला माणसाचं नाव आणि कृती लागते, आधी लिहिलेली. १,४००: पाळीवरच्यानं समोरच्या दोन खिडक्या उघडायच्या, फॅन लावायचा. २,०००: नवीन मुलं आत सोडायची नाहीत. जोडाचा आकडा मूळच्या दीडपट: दोन दिवसांत वायरमन, दुप्पट: ते सर्किट आत्ता बंद. वाट एक मीटरपेक्षा अरुंद: कार्यक्रम सुरू करायचा नाही, अध्यक्ष आले असले तरी. हे शेवटचं वाक्य बैठकीत मंजूर करून घेणं हे संपूर्ण व्यवस्थेतलं अवघड काम आहे. सेन्सर बसवणं त्यापुढं काहीच नाही. आणि ज्याच्यावर आकड्याची जबाबदारी त्यालाच आकड्यावरून बोलणी बसत असतील, तर महिन्याभरात सेन्सर खिडकीजवळ सरकलेला सापडेल.

हुकलेल्या अपघातांची वहीही याच व्यवस्थेचा भाग आहे. दार कुलपात सापडलं, एमसीबी पडला, कोणाला चक्कर आली, पायरीवर घसरलं. कोणी लिहिलं याची नोंद न ठेवता, फक्त तारीख, जागा, काय झालं. महिन्याला सरासरी चार नोंदी येत असतील तर चारचं वर्गमूळ दोन, त्याची तिप्पट सहा, ते सरासरीत मिळवले की दहा. दहापर्यंतचा चढउतार नेहमीचा मानायचा, अकरा झाल्या तर काहीतरी बदललंय. वही सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत नोंदी वाढतातच. ते धोका वाढल्याचं लक्षण नसून लोक लिहू लागल्याचं आहे, म्हणून सरासरी त्यानंतरच्या महिन्यांपासून काढावी.

मशीन लर्निंग कधी?

वरच्या कशालाही मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून कॉम्प्युटरनं स्वतः अंदाज बांधायला शिकणं, लागलं नाही, आणि एका इमारतीला ते लागेलच असं नाही. दहा-बारा अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेला, किंवा ‘उद्या दुपारी कुठली खोली भरेल’ असा प्रश्न असणाऱ्याला उपयोग होऊ शकतो. तेव्हा तीन गोष्टी विक्रेत्याला विचाराव्यात.

पहिली: ‘अर्ध्या तासानं आत्ताएवढंच असेल’ या अंदाजापेक्षा तुमचं मॉडेल किती बरं? बऱ्याच वेळा उत्तर अडखळत येतं. दुसरी: तपासणी कशी केली? पाच-पाच मिनिटांची वाचनं एकमेकांसारखीच असतात. त्यांतली विखरून काही बाजूला काढून तपासलं तर मॉडेलनं उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली असते आणि अचूकता फुगून दिसते. सलग आठवडे बाजूला ठेवून तपासायला हवं. तिसरी: कुठल्या महिन्यांवर शिकवलं? ज्या खोलीला एसी नाही तिथं एप्रिल-मेमध्ये खिडक्या उघड्या असतात. जुलैत कोल्हापूरचा पाऊस आडवा येतो आणि त्या दिवसेंदिवस बंद राहतात. मे महिन्यावर शिकलेलं मॉडेल जुलैत आंधळं असतं. खिडकीच्या चौकटीला खिडकी उघडी की बंद ते दाखवणारा साधा चुंबकी स्विच लावून ती माहिती मॉडेलला दिली, तर महागड्या अल्गोरिदमपेक्षा जास्त फरक पडतो.

कॅमेऱ्यातून फक्त संख्या घ्यावी, चेहरे साठवू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे नाव-चेहऱ्याची माहिती सांभाळण्याची जबाबदारी गोळा करणाऱ्यावर येते, आणि डोकी मोजायला चेहरा लागतही नाही. अभ्यासिकेत मुलीही बसतात. कॅमेरा कुठं आहे आणि काय साठवतो हे दारावर मराठीत लिहिलेलं असावं.

राहिली वीज जाण्याची गोष्ट. वीज गेली की एसी, फॅन आणि सेन्सर एकदम बंद पडतात, म्हणजे हवा सर्वांत वेगानं बिघडते त्याच वेळी नोंद थांबते. काही सॉफ्टवेअर त्या जागी शून्य भरतात किंवा आधीचा आकडा पुढं ओढतात. दोन्हींमुळे महिन्याची सरासरी खोटी निघते. रिकामी जागा रिकामीच राहू द्यावी आणि महिन्याच्या शेवटी अशी किती मिनिटं गेली ते वेगळं मोजावं. सेन्सर आणि राउटर छोट्या बॅटरीवर टाकायला फार खर्च येत नाही. ते जमेपर्यंत नियम असा ठेवावा: १५ मिनिटं आकडा आला नाही की धोक्याची पातळी ओलांडली असं समजायचं, आणि पाळीवरच्यानं वर जाऊन खिडक्या उघडायच्या.